थोरलीचा पत्ता

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. इंदरगंजच्या चौकापासून थोडं आत एक रक्तपेढी आहे, तिथे जनरेटर, बॅटऱ्या आणि एसी सांभाळायचं माझं काम. शिक्षण विचाराल तर गोरखीच्या शाळेत चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी सगळ्यांसमोर कान धरला, तेव्हा दप्तर तिथेच ठेवून मी घरी आलो आणि ते आणायला कधी गेलो नाही. गेलो असतो तर पुढचं शिकलो असतो, हे मला कळतं. पण गेलो नाही.

आमचं घराणं मूळचं दख्खनेतलं, इकडे उत्तरेत येऊन राहिलेलं. आजोबा इथल्या संस्थानाच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून घरी आहे. मूठ हलते, धार कधीच गेली, पण खंडेनवमीला ती राखेने घासून पाटावर ठेवतो. ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं, त्याला त्या दिवशी विसावा द्यायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजेला लागलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाही. रक्तपेढीत जनरेटरची पूजा मीच करत आलो. दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, "काका, आज लाइट गेली तर?" मी सांगायचो, "लाइट गेली तर जनरेटर चालवीन. देवाला कळतं, तुम्हालाच कळत नाही."

पेढीच्या मागच्या अंगाला एक छोटी खोली आहे, तिच्यात दोन सर्व्हर. कोणत्या गटाच्या किती पिशव्या फ्रिजात आहेत, कोणती कोणासाठी राखून ठेवली, कोणती बाहेर गेली, सगळं त्यांच्यात. आधी एकच होता. मग दुसरा आला, एक बंद पडला तर दुसऱ्याने चालवावं म्हणून. पहिल्याला मी थोरली म्हणायला लागलो, दुसऱ्याला धाकटी, आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. त्या खोलीची चावी माझ्या कमरेला असायची. थंड हवा बंद पडली तर दहा मिनिटांत आतली यंत्रं तापतात, म्हणून चावी माझ्याकडे. बाकी पेढीत मला कोणी काही म्हणो, त्या खोलीचं दार माझ्याशिवाय उघडत नव्हतं.

सर्व्हरचं काम बघायला एक इंजिनीअर बाई होत्या. माहेर दौलतगंजातलं, घराणं लेखणीवाल्यांचं, वय असेल तीस-बत्तीस. माझ्याशी मराठीत सुरू करायच्या आणि तिसऱ्या शब्दाला हिंदीत जायच्या. धाकटी आली तेव्हा त्यांनी मला नीट समजावलं होतं.

"काका, थोरलीचा स्वतःचा एक पत्ता आहे. धाकटीचा स्वतःचा एक. आणि तिसरा एक पत्ता आहे, तो कोणाचाच नाही."

"कोणाचाच नाही तर तिथे राहतं कोण?"

"जी काम करतेय ती. काउंटरवाले, दवाखानेवाले, सगळे तिसऱ्याच पत्त्यावर विचारतात. आज तिथे थोरली बसली आहे. ती पडली की दोन-तीन सेकंदात धाकटी तो पत्ता उचलते. विचारणाऱ्याला पता भी नहीं चलता."

"म्हणजे गादी," मी म्हटलं.

"गादीच समजा."

त्या वर्षी खंडेनवमीला माझ्या मनात आलं, जनरेटर विसावतो, फ्रिजसुद्धा पाळीपाळीने पुसून पूजेला लागतात, या दोघींनीच काय पाप केलंय? थोरली चार वर्षं एक क्षण बंद झाली नव्हती. आता धाकटी आहे. थोरलीला अर्धा तास विसावा द्यायला काय हरकत. मी काही न विचारता करणारा माणूस नाही. सकाळी अकराच्या सुमाराला बाईंना फोन केला. त्या सुट्टीवर, घरी पाटावर पोथ्या मांडून सरस्वतीची पूजा चाललेली. मागे भांड्यांचा आणि पाहुण्यांचा आवाज. मी म्हटलं, थोरलीला जरा बंद करतो, पूजा करायची आहे.

"आजच? बरं, करा. पण काका, पहले उसका पत्ता उतार दो, फिर बंद करना. पत्ता उतारे बिना मत करना हाँ."

आता मी काय केलं होतं, तर थोरलीच्या पुढल्या जाळीवर आंब्याची पानं आणि झेंडूची माळ बांधून ठेवली होती. मराठीत पत्ता म्हणजे ठिकाण हे मला काय कळत नाही? पण बाई हिंदीत बोलत होत्या, आणि हिंदीत ठिकाणाला म्हणतात पता. पत्ता म्हणजे झाडाचं पान. मला वाटलं, बघा, घरी बसून या बाईला कळलं की म्हाताऱ्याने पानं बांधली असणार आणि ती पंख्यात अडकतील. शहाणी बाई. मी एक-एक पान सोडवलं, खाली ताटात ठेवलं, आणि थोरलीचं बटण दाबून धरलं.

काही झालं नाही. म्हणजे धाकटीने पत्ता उचलला आणि काउंटर चालू राहिलं. मी निवांत कुंकू लावलं, उदबत्ती खोलीबाहेरच ओवाळली, नारळ बाहेर फोडला. पंचवीस मिनिटांनी थोरली पुन्हा सुरू केली, पानं परत बांधली आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर येऊन सगळ्यांना खोबरं वाटलं.

फ्रिज सांभाळणाऱ्या सिस्टर खोबरं हातात घेऊनच काउंटरवर आल्या. त्या म्हणाल्या, "ही ओ निगेटिव्हची पिशवी मोकळी कशी दाखवतेय?" काउंटरवर एक गृहस्थ थंड डबा घेऊन उभे होते, त्यांना ती पिशवी देतो म्हणून सांगून झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, नाही मिळणार. वीस मिनिटांपूर्वी एका दवाखान्यातून फोन आला होता, तिथे बाळंतीण टेबलावर आहे, तिच्यासाठी ही राखली आहे. सिस्टरांची जुनी सवय, राखलेल्या पिशवीला त्या स्वतःच्या हाताने कागदाची चिठ्ठी बांधतात. चिठ्ठी होती. पडद्यावर मात्र काहीच नव्हतं. त्या पंचवीस मिनिटांत जे जे लिहिलं गेलं, ते सगळं पडद्यावरून नाहीसं.

बाई पूजेच्या साडीतच रिक्षाने आल्या. दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि पडदा ठिकाणावर आला. थोरली उठली ती थोरलेपणाच्या हक्काने सरळ पत्त्यावर जाऊन बसली होती. मधल्या पंचवीस मिनिटांची तिला काही खबर नव्हती. धाकटीकडे सगळं लिहिलेलं होतं, पण तिला आता कोणी विचारत नव्हतं. बाळंतिणीला पिशवी वेळेत पोचली. डब्यावाल्या गृहस्थांसाठी दुसऱ्या पेढीतून आणवली. कोणाचं वाईट झालं नाही, पण ते सिस्टरांच्या चिठ्ठीमुळे. माझ्यामुळे नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो आणि तोंडाने म्हणत नव्हतो.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, मी सांगितलं होतं ना, पत्ता उतारा?"

"उतारला."

"कुठे उतारला?"

मी ताट दाखवलं. "सगळी पानं काढली होती. नंतर परत बांधली."

बाईंनी ताटातलं एक पान उचलून बघितलं. मग त्यांना हसू आलं, मग ते थांबलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरसाहेबांकडे त्या स्वतः गेल्या. दार उघडंच होतं, मी ऐकत होतो. त्या म्हणाल्या, अर्धी चूक माझी आहे, शब्द माझा होता. पत्ता आधी उतरवला असता तर थोरली परत आल्यावर आपोआप बसली नसती, सांगेपर्यंत थांबली असती. डॉक्टरसाहेब हे सगळ्या पेढीचे मुख्य, रागावणारे नाहीत, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "ज़ुबान की ग़लती मरीज़ को नहीं समझाई जाती." मग मला आत बोलावलं आणि हात पुढे केला. "चाबी."

मी कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही.

चावी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेली. मला आत जायचं असेल तर वहीत सही करायची, त्याने येऊन दार उघडायचं, मी बाहेर येईपर्यंत दारात उभं राहायचं. ज्याच्या आजोबाने पहारा दिला त्याच्यावर पहारा. माझी सही हळू होते, एकेक अक्षर काढावं लागतं. पहारेकरी पहिल्याच दिवशी म्हणाला, "चाचा, अँगूठा लगा दो, टाइम बचेगा." मी म्हटलं, "अंगठा मी दाखवतो, लावत नाही." त्याला मराठी कळत नव्हती म्हणून बचावलो.

घरी मुलगा म्हणाला, आबा, आता सोडा, बसा घरी. सोडणं सोपं होतं. एकदा दप्तर सोडून आलोच होतो. पण चावी परत माझ्या कमरेला आल्याशिवाय त्या फाटकाबाहेर कायमचं पाऊल टाकायचं नाही, हे मी ठरवलं. मागायची मात्र नाही.

पंधरा दिवसांनी बाईंनी सांगितलं की त्यांनी सेटिंग बदललं आहे. आता थोरली परत आली तरी धाकटीकडून पत्ता हिसकावणार नाही. सांगितल्यावरच बसेल.

"म्हणजे थोरलीचा मान गेला," मी म्हटलं.

"मान आहे तसाच आहे काका. तिला ख़बर नाहीये बस. जिसे ख़बर नहीं, वो जवाब क्या देगी?"

"थोरल्याने आपल्या घरी यायचं आणि उंबऱ्यात उभं राहायचं?"

"उंबऱ्यात कशाला? आत यावं, हातपाय धुवावेत, पाणी प्यावं. मागे काय काय झालं ते विचारावं. मग बसावं."

"तुम्ही लेखणीवाले. तुमच्याकडे मानाचं काय असणार."

"आणि तुम्ही तलवारवाले," बाई म्हणाल्या, "पानं उतारता."

पाच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. एसीचा पाणीनिचरा तुंबला होता तेसुद्धा सिस्टरांमार्फत कळवलं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात, मी काय पोस्टमन आहे?"

सहाव्या दिवशी घरी तलवारीवरची धूळ पुसत होतो आणि वडिलांनी सांगितलेलं एक आठवलं. आजोबांच्या पहाऱ्याची रीत अशी होती की बदलीवाला आला की जाणारा त्याला त्या पहाऱ्यातलं सगळं सांगायचा. कोण आलं, कोण गेलं, कोणता दरवाजा करकरतो, कोणतं कुत्रं भुंकलं. ते सांगून संपेपर्यंत बदलीवाला भाल्याला हात लावायचा नाही. मग तो हवालदार असो आणि जाणारा कालचा पोऱ्या असो. आजोबा हवालदार होते. म्हणजे त्यांनीसुद्धा पोराटोरांचं ऐकून घेतलं असणार, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना हे सांगितलं. थोडं रागातच सांगितलं. त्या खुर्ची फिरवून माझ्याकडे बघायला लागल्या.

"काका, हेच लिहून द्या मला. खोलीत बोर्ड लावायचाय."

"मी नाही लिहीत. तुम्ही लिहा, मी सांगतो."

त्यांनी खडूने नाही, रंगाने पाटीवर लिहिलं. पहिली ओळ मी हट्टाने लिहायला लावली: पत्ता म्हणजे पान नव्हे. त्याखाली: आधी पत्ता उतरवा, मग यंत्र बंद करा. परत आलेल्याने आधी खबर घ्यावी, मग पत्ता. बाई म्हणाल्या, पहिली ओळ वाचून बाहेरचा इंजिनीअर हसेल. मी म्हटलं, "हसू दे. आणि या खोलीत मराठी बोलायची तर सबंध बोला, नाहीतर हिंदी सबंध बोला."

"तुमची तरी कुठे सबंध आहे? आत्ता 'बोर्ड टेढा लगा है' कोण म्हणालं?"

मीच म्हणालो होतो.

मग मी त्यांना म्हटलं, पत्ता उतरवायचा कसा, ते मला शिकवा. त्यांनी नाही म्हटलं नाही. महिन्यातून एकदा, दुपारी काउंटर रिकामं असताना, त्या पत्ता एकीकडून दुसरीकडे फिरवून बघायच्याच. आता तो माझ्या हाताने फिरायला लागला, पहारेकरी दारात आणि बाई माझ्या खांद्यामागे. सुरुवातीला मी पडदा वाचत नव्हतो, चित्र ओळखत होतो. उजवीकडचं निळं बटण, बस्स. चौथ्या महिन्यात काहीतरी नवीन टाकलं आणि सगळी बटणं राखाडी झाली, जागाही बदलली. मी माउस हातात धरून बसून राहिलो. बाईंनी मागून हात घालून ते बटण स्वतःच दाबलं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

त्या आठवड्यात मी इंग्रजीची सात अक्षरं शिकलो. जास्त नाही, सातच. स्टँडबाय हा शब्द त्या सात अक्षरांत होतो. एकीला स्टँडबाय केलं म्हणजे ती उठून बाजूला बसते, पत्ता दुसरीकडे जातो, आणि परत बोलावल्याशिवाय ती तो मागत नाही. वहीत रोज सही करायचोच, तिच्याखाली बारीक अक्षरात तो शब्द काढायला लागलो. पहारेकऱ्याने विचारलं, "चाचा, ये क्या लिखते हो?" मी म्हटलं, "मंत्र."

पुढच्या महिन्यात बटण कुठेही असो, मला सापडलं. त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंनी मुद्दाम ते दुसऱ्या पानावर नेलं, तरी सापडलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला फसवता येत नाही काका." एकोणसत्तराव्या वर्षी हे ऐकायला बरं वाटतं.

२०२३ ची खंडेनवमी आली. मी सकाळी डॉक्टरसाहेबांच्या दारात उभा राहिलो. चावी मागायला नाही. म्हटलं, थोरलीला विसावा द्यायचा आहे, नियमाने देतो, बाई समोर असतील. मागच्या वर्षीच्या चुकीबद्दल मी त्यांना आजवर एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "पिछले साल मुझसे ग़लती हुई थी." एवढंच. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मैं भी देखूँगा."

खोलीत चौघं मावत नाहीत, म्हणून सिस्टर बाहेर काउंटरवर. मी खुर्चीत बसलो. सात अक्षरं शोधली. थोरलीला स्टँडबाय केलं. तिच्या नावाची ओळ पिवळी झाली आणि तिसरा पत्ता धाकटीसमोर गेला. बाहेर सिस्टरांनी हाक मारली, "चालू आहे, एक पिशवी आत्ताच लिहिली." मग मी बटण दाबून थोरली बंद केली.

तिचं झाकण बाईंनी उघडलं. पाच वर्षांची धूळ, पंख्याच्या पात्यांवर मऊ थर. मी रंगाच्या बारीक ब्रशने ती काढली. डॉक्टरसाहेब वाकून बघत होते. म्हणाले, "ये तो वैसे भी करना चाहिए था." बाई म्हणाल्या, "काका हर साल यही कह रहे थे, बस पूजा बोलकर." मी धुळीचं कधीच म्हटलं नव्हतं, पण बाईंचं वाक्य चांगलं होतं.

कुंकू लावलं. पानं या वेळी दाराला बांधली. अर्ध्या तासाने थोरली सुरू केली. तिच्या पंख्याचा आवाज चढला, उतरला. पत्ता धाकटीकडेच राहिला. थोरली उभी राहून खबर घेत होती. पडद्यावर एक आकडा हळूहळू शंभराकडे जात होता आणि पोचल्यावर तिची ओळ हिरवी झाली. बाहेर सिस्टरांनी फ्रिज उघडून सगळ्या पिशव्या हाताने मोजल्या, चिठ्ठ्यांसकट, पडद्याशी ताडून. मग दारात येऊन त्या म्हणाल्या, "सगळं जुळतंय."

डॉक्टरसाहेब बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी परत आले ते फाटकावरची चावी घेऊन. पूजेचं ताट दाराबाहेर स्टुलावर होतं, ब्रश, पक्कड, पेचकस त्याच्यात मांडलेले. त्यांनी चावी पेचकसाशेजारी ठेवली. "ये भी तो आपका हथियार है. इसकी भी कर दीजिए."

मी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. बाई म्हणाल्या, "उचला ना काका."

"आज कशी उचलू? पूजेला लागली आहे."

"एक साल रुके, अब एक दिन और?" डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. त्या दिवसापुरतं दार डॉक्टरसाहेबांच्या कपाटातल्या राखीव चावीने लावायचं ठरलं. पहारेकऱ्याला मी सांगितलं, आज शेवटची सही. त्याने वही पुढे केली आणि या वेळी अंगठ्याचं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सात वाजायच्या आत मी पेढीत पोचलो. ताटातली चावी उचलली, तिच्यावरचं कुंकू पुसलं नाही, तशीच कमरेला लावली. दार उघडलं. थोरली आणि धाकटी दोघींच्या ओळी हिरव्या होत्या, पत्ता धाकटीकडे होता. थोरलीला तो परत देणं आता माझ्या हातात होतं. मी दिला नाही, धाकटी नीट चालवत होती. सोनं, म्हणजे इकडे आपट्याऐवजी शमीच, संध्याकाळी वाटतात हे मला ठाऊक आहे, पण मी घरून शमीची दोन पानं आणली होती, ती बाईंच्या टेबलावर ठेवली. मग बॅटऱ्यांची झाकणं उघडली आणि जिथे पाणी कमी होतं तिथे घातलं.